वडील सीमेवर, मूल शाळेत

सैनिकांची मुले म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छावणीतली मुले येतात. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणारी, केंद्रीय विद्यालयात शिकणारी. खामगावसारख्या तालुक्याच्या गावी प्रश्न थोडा निराळा आहे. इथे आई मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून येते, एक-दोन खोल्या भाड्याने घेते आणि एकटीने संसार चालविते. मूल जागच्या जागी असते. वडीलच घरात नसतात.

अशा घराचे वर्ष रजेवर चालते. वडील शेगावला गाडीतून उतरले, की मुलाची दिवाळी. चार दिवस शाळा बुडते. मग रजा संपते, ट्रंक पुन्हा भरली जाते, आणि पुढचे आठ-पंधरा दिवस मुलाचे वर्गात लक्ष नसते. कोणी गप्प होतो, कोणी मारामाऱ्या करतो. गुरुजींना वाटते, पोरगं बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. घराची बसलेली घडी पुन्हा मोडलेली असते, इतकंच.

यावर उपाय साधा आहे. वर्षाच्या आरंभीच आईला विचारून ठेवावे, रजा साधारण केव्हा मिळते? त्या दिवसांतला बुडालेला अभ्यास पुढे सावकाश भरून घ्यावा. मात्र अभ्यासातून कायमची सूट देऊ नये. घरात सारखे बदल होत असताना, रोजची घंटा, ठरलेली जागा, ठरलेला अभ्यास हाच मुलाचा आधार असतो. मराठीच्या तासाला पत्रलेखन असतेच; ते त्याने वडिलांनाच लिहावे आणि खरोखर टपालात टाकावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान मारले गेले. त्यांत आपल्या जिल्ह्याचे दोघे होते : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. अशा वेळी शाळेत श्रद्धांजली होते, आणि ती व्हावीच. पण त्याच रांगेत उभ्या असलेल्या फौजीच्या मुलाच्या मनात एकच विचार असतो : माझे बाबा कुठे आहेत? त्याला पुढे बोलावून भाषण करायला लावू नये. “तुझे वडील तिकडेच ना?” असे चारचौघांत विचारू नये. सभेआधी बाजूला घेऊन सांगावे, “बाळ, मन लागत नसेल तर माझ्याजवळ येऊन बस.” घरी फोन लागतो का, तेही पाहावे.

आता कागदपत्रांविषयी. नोकरीतल्या सैनिकाला मुलांचा शिक्षणभत्ता मिळतो. त्यासाठी मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. तो वेळेवर द्यावा, आईला हेलपाटे घालायला लावू नये. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, केंद्रीय सैनिक मंडळाचे अनुदान असते. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना ते दर मुलामागे दरमहा 1,000 ऐवजी 2,000 रुपये झाले आहे. चौकशी बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. आणि एखादे मूल वर्षाच्या मध्येच परप्रांतातून आले, तर शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडविता येत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात तसे स्पष्ट आहे. त्याचे मराठी कच्चे असेल. त्याला हसू न देता, शेजारी एक चांगला सोबती बसवावा.

दरवर्षी 7 डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा वर्गातून फिरतो आणि मुले त्यात आपापली नाणी टाकतात. ते चांगलेच आहे. पण त्याच वर्गात बसलेल्या फौजीच्या मुलाला गुरुजींची आठवण बाकीच्या दिवशीही लागते.