‘हंप’वरची वाहतूक आणि वाऱ्याचे गणित

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनला रसद पोचविणारा बर्मा रोड बंद पडला. तेव्हा आसाममधील छाबुआ, दिनजान, मोहनबारी येथील धावपट्ट्यांवरून चीनमधील कुनमिंगपर्यंत विमानाने माल नेण्याचे ठरले. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. पण वाटेत हिमालयाच्या पूर्व टोकाच्या डोंगररांगा. वैमानिक त्यांना ‘हंप’, म्हणजे वशिंड, म्हणत. डिसेंबर १९४२ पासून हे काम अमेरिकेच्या एअर ट्रान्सपोर्ट कमांडकडे आले.

साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. तेथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो (मुले येथे हमखास चुकतात), पण एका श्वासात येणारे त्याचे रेणू बरेच कमी. इंजिनाचीही तीच गत. म्हणून वैमानिकाला ऑक्सिजनचा मुखवटा आणि इंजिनाला हवा दाबून भरणारा सुपरचार्जर. शिवाय ढगांतले थेंब शून्याखालीही द्रवरूप राहतात व पंखावर आदळताच गोठतात. वजन वाढते, पंखाचा आकार बिघडतो आणि उचल घटते.

खरा घात वारा करी. तो पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे जाताना पाठीशी, येताना तोंडावर. ‘मग हिशेब सारखाच झाला!’ असे वर्गातील निम्मी मुले तरी म्हणतील. करून पाहू. विमानाचा वेग ताशी ३०० आणि वाऱ्याचा १५० किलोमीटर मानू. असे वारे तेथे खरोखरच असत. जाताना वेग ४५०, वेळ १ तास ४७ मिनिटे. येताना वेग १५०, वेळ ५ तास २० मिनिटे. वारा नसता, तर जाऊन-येऊन मिळून ५ तास २० मिनिटेच लागली असती! परतीसाठी जितके इंधन जास्त, तितका माल कमी. आणि त्या मालातही मोठा वाटा पेट्रोलचाच. हिशेब चुकला, की खाली जंगल. अरुणाचलात त्या विमानांचे अवशेष अजूनही सापडतात.

नोव्हेंबर १९४५ पर्यंत सुमारे ६,५०,००० टन माल गेला. पाचशेहून अधिक विमाने आणि हजाराहून अधिक माणसे गमावली. सप्टेंबर १९४४ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या विल्यम टनर यांनी विमानांची देखभाल कारखान्यातल्यासारखी टप्प्याटप्प्याने लावून दिली. त्यानंतर माल वाढत गेला, तरी अपघातांचे प्रमाण उतरले. १९४८ मध्ये बर्लिनची कोंडी झाली, तेव्हा तेथील हवाई पुरवठा चालविण्यासाठी याच टनरना पाठविण्यात आले.