नांव एकाचें, काम अनेकांचें

पदार्थाची कृति सर्वांस खुली असली, तरी दुकानावरची पाटी खुली असतेच असें नाहीं. संगणकाच्या जगांत २०२४ सालीं जो मोठा तंटा माजला, तो समजण्यासाठीं श्रोत्यांनीं एवढा भेद ध्यानांत धरावा.

वर्डप्रेस हा वेबसाइट रचण्याचा प्रोग्राम. २००३ सालीं मॅट मलनवेग व माइक लिटल यांनीं बी-टू या पूर्वींच्या प्रोग्रामवरून तो सिद्ध केला. त्याचा जीपीएल परवाना प्रत्येकास तो वापरण्याची, बदलण्याची, विकण्याचीहि मोकळीक देतो. परतफेडीची अट त्यांत नाहीं. नांवाचें तसें नाहीं. तें व्यापारचिन्ह २०१० सालीं वर्डप्रेस फाउंडेशनच्या स्वाधीन झालें. पण त्याच्या व्यापारी उपयोगाचा हक्क मलनवेग यांच्याच ऑटोमॅटिक कंपनीकडे राहिला.

डब्ल्यूपी एंजिन ही अमेरिकन कंपनी वर्डप्रेसच्या साइट आपल्या सर्व्हरवर संभाळण्याचा धंदा करते. ती मिळवते पुष्कळ व परत देते अल्प, असा जाहीर आरोप मलनवेग यांनीं सप्टेंबर २०२४ मध्यें केला. गाऱ्हाणें अगदींच पोकळ नव्हे. विहीर उपसणारे फार आणि गाळ काढणारे थोडे, हें दुखणें अशा सर्वच सामायिक कामांचें आहे. शेंकडा पांच हिस्सा या कामीं लावावा, असें मलनवेग यांनींच २०१४ सालीं सुचविलें होतें. पण ती विनंति होती, कर नव्हे! आतां ऑटोमॅटिकनें मागितले उत्पन्नाचे ८ टक्के, रोख अथवा श्रमरूपानें. आणि आधार दाखविला व्यापारचिन्हाचा. माझ्या मतें घोटाळा झाला तो येथेंच. चिन्हाचा कायदा ग्राहकाची फसगत टाळण्यासाठीं आहे. त्यानें उपकाराची वसुली कशी व्हावी? मोझिला व डेबियन यांच्यांत २००६ सालीं असाच वाद झाला, तेव्हां डेबियननें फायरफॉक्स हें नांव सोडून 'आइसवीझल' धारण केलें, आणि २०१६ सालीं पूर्वींचें नांव पुन्हां घेतलें. मधल्या काळांत काम कोणाचेंच अडलें नाहीं.

येथें मात्र अडलें. २५ सप्टेंबरला डब्ल्यूपी एंजिनला वर्डप्रेस डॉट ऑर्ग या मध्यवर्ती भांडाराचीं दारें बंद झालीं, व तिच्या निरपराध गिऱ्हाइकांची पंचाईत झाली. २ ऑक्टोबरला कंपनी कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत गेली. १० डिसेंबरला न्यायालयानें दारें पुन्हां उघडण्याचा तात्पुरता हुकूम दिला. चिन्हाच्या प्रश्नाचा निवाडा त्यांत नव्हता. तोंवर एक गोष्ट मात्र सर्वांस कळून चुकली होती: तें भांडार फाउंडेशनचें नसून स्वतः मलनवेग यांच्या मालकीचें होतें.