डिजिटल हॅम सेटसाठी सॉफ्टवेअर कोणतं?

ॲनालॉग हॅम सेटमध्ये कीपॅडवरून फ्रिक्वेन्सी दाबली की बहुतेक काम भागतं. डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) या डिजिटल पद्धतीच्या सेटचं तसं नाही. तिथे १२.५ किलोहर्ट्‌झच्या एकाच वाहिनीत दोन टाइमस्लॉट आळीपाळीने चालतात. त्यामुळे प्रत्येक चॅनेलला फ्रिक्वेन्सीबरोबर स्लॉट, ० ते १५ पैकी एक कलर कोड आणि टॉकग्रुप द्यावा लागतो. शिवाय स्वतःचा सात आकडी आयडी. भारतीय हॅमचा ४०४ ने सुरू होणारा. ही सगळी जुळवाजुळव म्हणजे ‘कोडप्लग’. शेकडो चॅनेलांचा तो संसार कीपॅडवर मांडायला बसू नये; त्याला संगणकावरचं सॉफ्टवेअर हवं.

सॉफ्टवेअर म्हटलं की अनेकांच्या तोंडी पहिलं नाव चर्पचं. मोफत आहे, छान आहे, पण मुख्यतः ॲनालॉग सेटांसाठी. डीएमआरला सहसा कंपनीचं सीपीएस, म्हणजे सेट प्रोग्रॅम करायचं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं. ते बहुधा फक्त विंडोजवर चालतं, आणि सेटमधल्या फर्मवेअरशी त्याची आवृत्ती जुळावी लागते. बहुतेक डोकेदुखी इथेच सुरू होते. लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांसाठी क्यूडीएमआर हा मुक्तस्रोत पर्याय आहे. मात्र तो ठरावीक मॉडेलांवरच चालतो, म्हणून सेट घेण्याआधीच यादी पाहावी.

माझ्या मते नवख्याने कंपनीच्या सीपीएसनेच सुरुवात करावी. आधी ‘रीड’, मग मूळ कोडप्लगची प्रत जपून ठेवणं, आणि त्यानंतरच ‘राइट’. मित्राचा तयार कोडप्लग भरलात तर आयडी तेवढा बदला, नाहीतर बोलाल तुम्ही आणि समोरच्याच्या पडद्यावर कॉलसाइन मित्राचं झळकेल.