खोदण्याआधीचे गणित

शहराच्या मलवाहिन्यांचे जाळे मुख्यतः उतारावर चालते. घरातले सांडपाणी लहान नळातून मोठ्या नळात, तिथून मुख्य वाहिनीत आणि शेवटी पंपिंग स्टेशन किंवा शुद्धीकरण केंद्रात जाते. त्यामुळे खालच्या टोकाची अडचण वरच्या वस्तीत दिसते. शेवटचे पंप अपुरे पडले की पाणी मागे फुगत येते आणि जिथे जमीन सर्वांत सखल, तिथल्या मॅनहोलचे झाकण उचलून रस्त्यावर पसरते. तिथलाच नळ बदलला तर पैसा खर्च होतो, पण पुढच्या पावसात मॅनहोल पुन्हा उफाळते. खरा दोष कुठे आहे हे खोदण्याआधी कळावे म्हणून जाळ्याची गणिती प्रतिकृती संगणकावर उभी करतात. तिला जलीय प्रतिमान म्हणतात.

या प्रतिमानामागचे गणित जुने आहे. वेळेनुसार बदलणाऱ्या प्रवाहाची समीकरणे फ्रान्सच्या सां-व्हनां यांनी १८७१ मध्ये मांडली. नळाचा व्यास, उतार आणि आतला खडबडीतपणा यांवरून प्रवाह काढण्याचे सूत्र आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये दिले. हजारो नळांसाठी हे गणित हाताने करणे अशक्य होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये ‘स्विम’ ही संगणक प्रणाली आणली. ती आजही विनामूल्य मिळते.

प्रतिमानाची पहिली गरज म्हणजे जाळ्याची खरी मापे: प्रत्येक मॅनहोलच्या झाकणाची व तळाची पातळी, नळांचे व्यास, लांबी आणि उतार. जुने नकाशे अनेकदा अपुरे असतात, म्हणून पातळ्या नव्याने मोजाव्या लागतात. नळाच्या आत गाळ किती, तडे कुठे, झाडांची मुळे कुठे शिरली, हे चाकांवरचा कॅमेरा दाखवतो. त्यासाठी माणसाला आत उतरवण्याचे कारण उरत नाही. संरक्षक साधनांशिवाय मलवाहिनी साफ करायला लावणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दुसरी गरज पाण्याच्या हिशेबाची. केंद्र सरकारच्या मलनिःसारण नियमपुस्तिकेनुसार माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातले ८० टक्के पाणी मलवाहिनीत येते असे धरतात. दहा हजार वस्तीमागे हे प्रमाण दिवसाला १० लाख ८० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला सरासरी साडेबारा लिटर होते. सकाळी सगळी घरे एकदमच पाणी वापरतात. एवढ्या वस्तीसाठी सरासरीच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ३७ लिटर प्रवाह धरावा लागतो.

आता ही वस्ती ३०० मिलिमीटर व्यासाच्या, दोनशेस एक उताराच्या जुन्या नळावर आहे असे समजू. आतून खरबरीत झालेला हा नळ मॅनिंगच्या सूत्राने सेकंदाला सुमारे ५९ लिटर वाहून नेतो. उन्हाळ्यात तो पुरतो. पावसाळ्यात मात्र फुटक्या सांध्यांतून भूजल झिरपते आणि गच्ची-अंगणाचे पाणी चुकीच्या जोडणीने आत येते. प्रवाह दुप्पट होऊन ७५ लिटरवर गेला की मॅनहोल उफाळते. भारतीय शहरांत सांडपाणी व पावसाचे पाणी वेगवेगळ्या वाहिन्यांतून नेण्याचे धोरण असले, तरी जमिनीखाली ते पुरते पाळले जात नाही.

म्हणून प्रतिमान ताडून पाहणे अनिवार्य ठरते. निवडक मॅनहोलांत प्रवाहमापक आणि वस्तीत पर्जन्यमापक बसवून कोरड्या व पावसाळी दिवसांची मोजमापे घेतात. संगणकाचे आकडे त्यांच्याशी जुळेपर्यंत गृहीतके सुधारतात. मग वेगळ्या पावसाच्या नोंदींवर त्याची पुन्हा परीक्षा होते. मुंबईचे मलनिःसारण कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात विभागांत वाटलेले आहे. एवढ्या मोठ्या जाळ्याचे काम असे विभागवार हाती घेता येते.

ताडलेल्या प्रतिमानावर दुरुस्तीचे पर्याय तपासता येतात. वरच्या उदाहरणातल्या नळाला आतून सहा मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत अस्तर दिले तर व्यास घटूनही क्षमता सुमारे ८० लिटर होते. रस्ता न खोदता अस्तर घालण्याची ही पद्धत एरिक वुड यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरली. अस्तराने सांधेही बंद होतात. काही ठिकाणी पावसाच्या चुकीच्या जोडण्या तोडणेच स्वस्त पडते, तर काही ठिकाणी मोठा नळ लागतो. पण मोठ्या नळात कोरड्या दिवशी पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला तर गाळ बसतो. शिवाय वरचा नळ वाढवला की तुंबण्याची जागा खाली सरकू शकते. एका नळाचा विचार करून हे परिणाम कळत नाहीत. ते पूर्ण जाळे एकत्र मांडल्यावरच दिसतात.

प्रतिमानाचा खरेपणा मोजमापांवर ठरतो. नवी इमारत, नवी जोडणी, बदललेला पंप यांची नोंद त्यात होत राहिली नाही, तर काही वर्षांत ते निरुपयोगी होते. म्हणून महापालिकेने ते एकदाच करून घेतलेला अहवाल न मानता मालमत्तेच्या नोंदवहीसारखे कायम अद्ययावत ठेवले पाहिजे. दुरुस्तीचा पैसा योग्य नळावर खर्च होण्याची हमी त्यातूनच मिळते.