कपाटातल्या डिस्क पुन्हा लावताना

मोठी आपा ईदला दिग्रसहून आली, तेव्हा तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक डिस्क काढली. तिच्या निकाहची, २००६ सालची. घरचा प्लेअर केव्हाच भंगारात गेला होता. या शूटिंगमध्ये मंडपाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना हाका मारणारे अब्बा आहेत. मरहूम अब्बांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली, तर चित्र दिसेना; नुसते फोल्डर उघडले. एका दुरुस्तीवाल्याने पाहिल्यासारखे केले आणि सांगितले, "खराब झाली, फेकून द्या."

डिस्क खराब नव्हती. फोल्डर दिसत होते, म्हणजे कॉम्प्युटर ती वाचत होता. आतले चित्र उलगडणारा प्रोग्रॅम तेवढा त्याच्याकडे नव्हता.

आधी डिस्क कोणती ते ओळखावे. 'एमपीईजीएव्ही' नावाचे फोल्डर असेल, तर ती व्हीसीडी. तिच्यावर साधारण ७४ मिनिटेच मावतात, म्हणून तीन तासांचा सिनेमा दोन-तीन डिस्कवर यायचा. २००७ च्या सुमारास मोसर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढली आणि आमच्या अम्मीच्या शोकेसमध्ये काचेच्या बशांची जागा सिनेमांच्या पाकिटांनी घेतली! 'व्हिडिओ टीएस' हे फोल्डर दिसले, तर ती डीव्हीडी. हिच्यातले चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबून बसवलेले असते आणि ते उलगडणाऱ्या डीकोडरसाठी कंपन्यांना परवाना शुल्क द्यावे लागे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ आणताना मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोय काढून टाकली. म्हणून एखाद्याच्या जुन्या विंडोज ७ वर चाललेली डिस्क नव्या मशीनवर चालत नाही आणि दोष मात्र डिस्कला मिळतो.

उपाय फुकट आहे. व्हीएलसी प्लेअर हा प्रोग्रॅम पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केला आणि २००१ पासून तो सर्वांना खुला आहे. डीकोडर त्याच्या आतच असतो. त्यात 'मीडिया' आणि मग 'ओपन डिस्क' दाबून डीव्हीडी की व्हीसीडी ते निवडायचे. मेनूवरच गाडी अडली, तर 'नो डिस्क मेनूज' या चौकटीत खूण करायची. प्रोग्रॅम व्हिडिओलॅनच्या मूळ साइटवरूनच घ्यावा. त्याच नावाने भलतेच काही गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत.

जेद्दाहून खालूजानांनी आणलेल्या सिनेमांची अडचण वेगळी. बाजारातल्या डीव्हीडीला प्रदेशाचा आकडा असतो. भारताचा ५, सौदीचा २. ड्राइव्हचा प्रदेश बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. मग शेवटचा आकडा कायमचा बसतो. मुलांना समोर आलेले 'ओके' दाबण्याची भारी हौस असते, तेवढे सांभाळा.

लॅपटॉपला ड्राइव्हच नसेल, तर यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. आळीत एकाने घेतला, तर चार घरांचे काम होते.

मात्र लग्नाच्या डिस्कला उशीर करू नये. शूटिंगवाल्याने घरी भरलेल्या डिस्कमध्ये नोंद रंगाच्या पातळ थरात असते आणि ऊन-उष्णतेने तो थर विटतो. आपल्या यवतमाळच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात काय होत असेल, ते सांगायला नको. पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल नव्हे. सीडी-व्हीसीडीची नावाची बाजूच जास्त नाजूक असते. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये. या घरगुती डिस्कला सहसा कुलूप नसते. फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर ठेवले, की नक्कल झाली. विकतच्या सिनेमांच्या नकला वाटणे मात्र कायद्यात बसत नाही.

आपाच्या डिस्कची शेवटची काही मिनिटे अडकतात. रुख्सती अर्धीच मिळाली. अब्बांची हाक सापडली. ते शरबतवाल्याला ओरडत होते. आपाने तेवढा तुकडा तीनदा लावायला सांगितला. आता एक नक्कल दिग्रसला आहे, एक माझ्याकडे, आणि तिसरी भाऊ पुसदला घेऊन गेला.