पिशवी धरणारा माणूस

पहाटेचे साडेचार वाजलेत. गॅसवर चहाचं आधण आहे, ओट्यावर थर्मास धुऊन पालथा घातलाय. फडक्यात ज्वारीच्या चार भाकरी, शेंगाचटणी आणि दोन कांदे बांधून झालेत. मी कॅमेऱ्यात रोल नीट बसलाय ना ते बघतेय आणि बाहेर अंगणात आमचे ‘हे’ स्कूटर तिरकी करून किक मारतायत. “अगं, आटप लवकर! ऊन चढलं की तुझा तो उजेड जायचा!”

आमचे कितीतरी रविवार असे सुरू झाले. ह्यांना फोटोग्राफीतलं काही कळत नाही, अजूनही नाही. पण सकाळचा उजेड वेगळा असतो आणि तो कुणासाठी थांबत नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मी फोटोग्राफरची मुलगी. वडिलांचा तालुक्याच्या गावी छोटासा स्टुडिओ होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटायचा. ते बघत मी लहानाची मोठी झाले. दहावीपर्यंत रोल धुवायला आणि प्रिंट काढायला शिकले होते. पासपोर्ट फोटो मीच काढायची. लग्नाच्या ऑर्डरी मात्र भावाकडे. मुलीच्या जातीनं रात्री-अपरात्री मांडवात कशाला जायचं, असं घरात सगळ्यांनाच वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

१९९१ साली लग्न होऊन बार्शीला आले, तेव्हा वडिलांनी त्यांचा जुना याशिका कॅमेरा माझ्या ट्रंकेत ठेवला, साड्यांच्या खाली. तो तिथेच राहिला. दहा वर्षं! दोन मुलं, त्यांच्या शाळा, सणवार, येणारे-जाणारे. कुणी मला अडवलं नव्हतं हो. मीच विसरून गेले होते.

२००१ च्या दिवाळीत माळा आवरताना ती ट्रंक खाली आली. ह्यांनी कॅमेरा हातात घेऊन विचारलं, “चालतो का गं हा?” मी म्हटलं, “रोल असेल तर चालेल की.” पुढच्या आठवड्यात कामासाठी सोलापूरला गेले तेव्हा ते न सांगता रोल घेऊन आले. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघतात. ते बारा फोटो काढायला मला तीन आठवडे लागले. बोट बटणावर ठेवलं की हात थरथरायचा.

पहिला फोटो काढला सासूबाईंचा, परसात बसून तांदूळ निवडतानाचा. प्रिंट हातात घेऊन त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझा एकटीचा फोटो कुणी काढलाच नव्हता बघ आजवर.” सत्तर वर्षांची बाई! लग्नाच्या फोटोत होती, मुंजीच्या फोटोत होती, पण कायम दुसऱ्या रांगेत, कुणाचं तरी मूल कडेवर घेऊन. आज त्या नाहीत. भिंतीवर हार घातलेला आहे तो हाच फोटो. त्या दिवशी मला वाटलं, आता हे सोडायचं नाही.

मग आमचं फिरणं सुरू झालं. लांबचं काही नाही, बहुतेकदा जवळपासचंच. भगवंताच्या मंदिरातली एकादशीची गर्दी, आठवडी बाजार, ज्वारीची काढणी, आमची बार्शीची छोटी रेल्वे. १८९७ साली धावायला लागलेली ती नॅरोगेज गाडी गेली, २००८ पर्यंत मार्ग ब्रॉडगेज झाला. तिचे माझ्याकडचे फोटो बघायला आता लोक घरी येतात.

बाजारात ह्यांचा खरा उपयोग कळला. मी गुपचूप कॅमेरा रोखला की भाजीवाल्या मावश्या पदर ओढून तोंड फिरवायच्या. हे मात्र शेजारी उकिडवे बसून, “काय मावशी, यंदा पाऊस कसाय तुमच्याकडं?” असं सुरू करायचे. पाच-दहा मिनिटांत मावशी लेकीच्या सासरपर्यंत पोचायची आणि मी तिथंच आहे हे विसरायची. मग मी विचारायची, “काढू का फोटो?” आणि ती हसायची. तेच हसू फोटोत यायचं. शिवाय आठवड्याची भाजीही व्हायची!

पुढे पैसे साठवून फिल्मचाच, पण लांबची लेन्स लागणारा कॅमेरा घेतला आणि नान्नजचं वेड लागलं. बार्शी-सोलापूर रस्त्यावर, आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. १९७९ मध्ये जाहीर झालेलं. माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, गवताळ माळावर चालणारा भारदस्त पक्षी. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यामुळे जवळ जायचं नाही, हा पहिला नियम. वनखात्याची परवानगी काढायची, ठरवून दिलेल्या जागी बसायचं आणि वाट बघायची.

एका पावसाळ्यात आम्ही सलग चार रविवार गेलो. टिटव्या ओरडायच्या, चंडोल वर वर जाऊन गायचे, काळविटांचा कळप जायचा, पण माळढोक नाही. हे माझ्या शेजारी पेपर वाचत बसायचे, पानही हळू उलटायचे. चौथ्या रविवारी त्यांनीच माझ्या कोपराला हात लावला. लांब गवतात एक नर मान फुगवून उभा होता! मी सात फोटो काढले. प्रिंट आल्यावर बघितलं तर पक्षी हरभऱ्याएवढा. मी हिरमुसले. हे म्हणाले, “आपण बघितला ना? मग झालं!” आज त्याची किंमत कळते. नान्नजला आता माळढोक क्वचितच दिसतो. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात.

आता लोकांचं सांगते. छोट्या गावात काही लपत नाही. “बायको फोटो काढते आणि नवरा पिशवी धरून उभा राहतो,” हे चौकात बोललं जायचं. ह्यांचे मित्र तोंडावर चिडवायचे. हे हसायचे आणि म्हणायचे, “जड असते हो पिशवी!” बायकांचं वेगळंच. “नशीब काढलंस बाई, असा नवरा मिळाला!” हे मी हजारदा ऐकलंय आणि ते खोटंही नाही. पण मनात यायचं, हे दर गुरुवारी भजनाला जातात, परगावी कार्यक्रम असला की पहाटे उठून मी डबा देते, रात्री उशिरा दार उघडते. तेव्हा ह्यांना कुणी म्हणत नाही, “नशीब काढलंत, अशी बायको मिळाली!” बायकोनं केलं तर ते कर्तव्य आणि नवऱ्यानं केलं तर कौतुक, असं का?

२००४ मध्ये एक गोष्ट घडली. बाजारातल्या कासारणीचा मी काढलेला फोटो, एका म्हातारीच्या सुरकुतलेल्या हातात ती हिरव्या बांगड्या भरतेय असा, एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर छापून आला. घरात आनंदीआनंद! मग खालची बारीक अक्षरं वाचली. छायाचित्रकार म्हणून नाव ह्यांचं होतं. पाकिटावर पाठवणारा म्हणून ह्यांचं नाव, तेवढ्यावरून तिथल्या कुणीतरी गृहीत धरलं असणार. मी म्हटलं, “जाऊ द्या, आपल्या घरातलंच नाव आहे.” तोंडानं म्हटलं, पण त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हे अर्धी रजा टाकून त्या कचेरीत गेले. दुरुस्ती छापून आली, दोन ओळींची, कोपऱ्यात. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. मूळ फोटोच्या कात्रणापेक्षा मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

पुढे काही वर्षांनी होमाई व्यारावाला यांच्याविषयी वाचलं आणि दचकलेच. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. माणेकशॉ त्यांना तेराव्या वर्षी भेटले. कॅमेरा हाताळायला त्यांनीच शिकवलं. १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. आणि होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते माणेकशॉंच्या नावानं! कारण त्या अनोळखी होत्या आणि त्यातून बाई. १९४२ मध्ये दोघं दिल्लीला ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीत गेले. साडी नेसून, सायकलवर जड कॅमेरे घेऊन होमाई दिल्लीभर फिरायच्या. स्वातंत्र्याचा सोहळा, माउंटबॅटन यांचा निरोप, नेहरूंच्या कितीतरी हसऱ्या मुद्रा त्यांनी टिपल्या.

त्यांच्याच आयुष्यातली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. ३० जानेवारी १९४८ ला त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या, पण माणेकशॉंनी त्यांना परत बोलावलं. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. तिथं आपण नव्हतो, ही खंत त्यांना कायम राहिली. माणेकशॉंची त्यात काय चूक? त्यांना तरी काय ठाऊक? तरी वाचताना माझ्या पोटात कालवलं, कारण मला आमचं भिगवण आठवलं.

उजनीच्या पाणथळीवर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, हजारोंनी. माझी नणंद इंदापूरला असते. तिच्याकडे मुक्काम करून आम्ही पहाटे गेलो होतो. कोळ्याच्या होडीत बसलो, थवा समोर होता, सूर्य नुकता वर येत होता. आता उडतील, मग पंखांचा गुलाबी रंग दिसेल, म्हणून मी डोळा लावून बसले होते. आणि हे म्हणाले, “चल आता, ताईकडं पाहुणे यायचेत, दहाला पोचायला हवं.” मी काही न बोलता कॅमेरा पिशवीत घातला. होडी काठाला लागली आणि मागे थवा उठला, सगळं आभाळ गुलाबी! मी नुसती बघत राहिले.

इंदापूरपर्यंत बोलले नाही. घरी येऊन मात्र भांडले. लग्नानंतर इतकं कधी भांडले नव्हते. “तुम्ही येता, पिशवी धरता, सगळं खरं. पण निघायचं कधी ते तुम्हीच ठरवता!” हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “फोटोला निघालो की हे तुझ्याकडं.” तेव्हापासून तसंच आहे. त्यांच्याही अटी आहेत बरं का! रक्तदाबाची गोळी वेळेवर आणि परतताना एक कप चहा टपरीवर.

होमाईंचं पुढे काय झालं? १९६९ मध्ये माणेकशॉ गेले आणि १९७० मध्ये होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या फोटोग्राफरांची वागणूक पटत नाही, असं कारण त्यांनी सांगितलं. पुढची चाळीसेक वर्षं त्यांनी हे काम केलं नाही. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत वडोदऱ्यात त्या गेल्या. त्यांचं कारण खरंच असणार. तरी मी ह्यांना सांगून ठेवलंय आणि ह्यांनी मला. मागे राहील त्यानं रविवार चुकवायचा नाही.

आता रोल गेले, डिजिटल कॅमेरा आला. लेकीनं मोबाइलवरही शिकवलंय. ह्यांचे गुडघे धरतात, म्हणून स्कूटी मी चालवते आणि पिशवी घेऊन हे मागे बसतात. माळावर त्यांच्यासाठी घडीची खुर्ची नेते. दर फेरीत एक फोटो मात्र हे काढतात, माझा. तो नेहमी वाकडा येतो, कधी डोकं कापलेलं, कधी कोपऱ्यात त्यांचंच बोट. मी एकही पुसलेला नाही. मी काम करताना कशी दिसते, ते फक्त तिथंच आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी ट्रंक असेल. तिच्यात पेटी असेल, रंग असतील, कवितांची वही असेल. कुणी उघडून देईल म्हणून दहा वर्षं थांबू नका, मी थांबले तशी. आणि सोबत कुणी आलंच, तर निघायची वेळ कोण ठरवणार ते आधीच बोलून घ्या. “जा की, मी कुठं अडवलंय?” म्हणायला एक मिनिट पुरतं. माळावर शेजारी चार तास गप्प बसणं अवघड असतं.

परवा रविवारी पुन्हा निघालोय. थर्मास धुऊन ठेवलाय.