साताऱ्या-सांगलीच्या मुलींसाठी विमानक्षेत्राची वाट अकरावीतच सुरू होते

कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी 1985 मध्ये कोलकाता-सिलचर मार्गावर संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांचं विमान नेलं. आज भारतातल्या वैमानिकांत महिला सुमारे 15 टक्के आहेत, जगात हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या घरात. मग आणखी प्रोत्साहन कशाला, असं कुणी विचारेल. पण या आकड्यात बसायला व्यावसायिक परवाना लागतो. त्यासाठी 200 तासांचं उड्डाण आणि लाखोंचा खर्च. कऱ्हाडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी झाली, पण धावपट्टी जवळ असली म्हणून फी भरता येत नाही. रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने पैशाची अडचण हाच शिक्षणाचा प्रश्न मानला होता, इथल्या बँकांनी आणि संस्थांनी मुलींच्या उड्डाण-प्रशिक्षणाकडे तसंच बघावं.

आणि विमानक्षेत्र म्हणजे फक्त कॉकपिट नव्हे! हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीला भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी चालते. म्हणजे कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकीतली किंवा सांगलीच्या वालचंदमधली मुलगी वैमानिकासारखे लाखो रुपये न मोजता तिथवर पोचू शकते. ‘रात्रपाळी, बदल्या, लग्नानंतर कसं जमणार?’ हा प्रश्न खराच आहे. पण नर्स आणि पोलीस शिपाई मुली रात्रपाळी करतातच, आणि कायद्याने 26 आठवड्यांची पगारी प्रसूतिरजाही आहे. माझ्या मते खरी गळती आधीच होते, अकरावीला गणित सोडताना. म्हणून दहावीच्या निकालाआधीच शाळेत पालकांना बोलावून हे सांगा.